तिसऱ्याची लुडबुड

अमेरिकेत कारखान्याचे किंवा शहराचे सांडपाणी नदीत सोडायचे असेल, तर ते किती विषारी आहे हे पुष्कळदा एका क्षुद्र जीवाला विचारले जाते. सेरिओडॅफ्निया डुबिया हे त्याचे नाव. पाणपिसूच्या कुळातला, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा. तिथली पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, हिच्या २००२ च्या पुस्तिकेत या चाचणीची रीत बारकाईने सांगितली आहे. जन्मून चोवीस तासही न झालेले एकेक पिल्लू एकेका छोट्या कपात सोडायचे, कपात पंधरा मिलिलिटर पाणी. दहा कप स्वच्छ पाण्याचे, हा कंट्रोल; आणि सांडपाण्याच्या प्रत्येक तीव्रतेला आणखी दहा-दहा. तीव्रता सहसा पाच असतात आणि त्या दुपटीने वाढत जातात, सव्वासहा टक्क्यांपासून थेट निव्वळ सांडपाण्यापर्यंत. पाणी रोज बदलायचे आणि आठवडाभरात प्रत्येक मादीने किती पिल्ले दिली ते मोजायचे. कंट्रोललाही सूट नाही. त्यातल्या निदान ८० टक्के माद्या जगल्या पाहिजेत आणि जगलेल्या मादीमागे सरासरी १५ तरी पिल्ले झाली पाहिजेत, नाहीतर सगळी चाचणीच बाद. शेवटी हाती साठ आकडे येतात, आणि त्यांना एकच गोष्ट विचारायची असते: स्वच्छ पाण्याच्या तुलनेत कोणत्या तीव्रतेपासून पिल्ले कमी होऊ लागली?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. दुसऱ्याच दिवशी मेलेल्या मादीच्या नावावर शून्य पडते. तिच्या शेजारच्या नऊजणींनी पंचवीस-तीस पिल्ले दिलेली असतात. असे एक शून्य गटाची सरासरी खाली ओढते आणि गटातले विखुरण, म्हणजे प्रचरण, भलतेच फुगवते. आकडे घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणातून आले आहेत असे मानून केलेली कसोटी अशा वेळी डळमळते. म्हणून त्या पुस्तिकेत पायऱ्या घालून दिल्या आहेत. आधी आकडे प्रसामान्य आहेत का आणि गटागटांतले प्रचरण सारखे आहे का ते तपासायचे. दोन्ही जमले तर डनेटची कसोटी, नाही जमले तर स्टीलची. स्टीलची कसोटी आकड्यांकडे आकडे म्हणून पाहतच नाही, त्यांचे क्रमांक लावते. सर्वांत कमी पिल्ले देणारीला पहिला, तिच्या वरचीला दुसरा, याप्रमाणे. मग शून्य असो की पाच, तळाचा क्रमांक तो तळाचाच, आणि एका मेलेल्या मादीचा धक्का तिच्या एका क्रमांकापुरता राहतो. अशा कसोट्यांना नॉनपॅरॅमेट्रिक म्हणतात.

इथवर कोणाचा मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो क्रमांक कोणाकोणात लावायचे यावर. साठही माद्यांना एका रांगेत उभे करून क्रमांक द्यायचे, की कंट्रोलच्या दहा आणि एका तीव्रतेच्या दहा एवढ्या वीसच घ्यायच्या, क्रमांक लावून निकाल पाहायचा आणि पुढच्या तीव्रतेसाठी पुन्हा नव्याने क्रमांक लावायचे? पहिली रीत अधिक रूढ आहे. औषधनिर्माणापासून शेतीपर्यंतच्या शोधनिबंधांत सर्रास दिसते ती हीच: आधी सगळ्या गटांना एकत्र तपासणारी क्रुस्कल-वॉलिस कसोटी, त्यात फरक निघाला तर जोड्यांची तुलना करणारी डनची कसोटी. संगणकावरची प्रिझमसारखी पॅकेजेसही तीच वाट पुढे करतात. मला ही वाट चुकीची वाटते. अनेक उपचारांची एका कंट्रोलशी तुलना करायची असेल तर क्रमांक दोघांपुरतेच लागले पाहिजेत. ‘अ’ आणि कंट्रोल यांच्यातला निवाडा ‘ब’, ‘क’, ‘ड’ काय करतात त्यावर अवलंबून राहता कामा नये.

क्रमांकांची ही कल्पना रुजवली ती फ्रँक विल्कॉक्सनने. तो पेशाने रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकन सायनामिड या कंपनीत कीटकनाशकांवर काम करायचा. १९४५ साली त्याने अवघ्या चार पानांचा एक लेख लिहिला. त्यातले पहिले उदाहरण माश्या मारण्याच्या दोन फवाऱ्यांचे होते, प्रत्येकी आठ चाचण्यांचे. दोन्ही फवाऱ्यांचे सोळा आकडे एकत्र करून त्यांना क्रमांक द्यायचे आणि एकेका फवाऱ्याच्या क्रमांकांची बेरीज करायची, एवढीच युक्ती. तिला गणिताचा पक्का पाया दोन वर्षांनी मान आणि व्हिटनी यांनी दिला. १९५२ मध्ये क्रुस्कल आणि वॉलिस यांनी तीच युक्ती दोनाऐवजी कितीही गटांना लागू केली. दरम्यान त्याच अमेरिकन सायनामिडच्या लेडर्ली प्रयोगशाळेत चार्ल्स डनेट वेगळ्याच अडचणीशी झुंजत होता. औषधकंपनीत रोज दिसणारे चित्र म्हणजे एक कंट्रोल आणि त्याच्यासमोर तीन-चार नवी संयुगे. संयुगांची आपापसांत तुलना कोणालाच नको असते. यातले कोणते कंट्रोलपेक्षा वेगळे, एवढेच हवे असते. १९५५ च्या लेखात डनेटने सरासऱ्यांसाठी याचे उत्तर दिले. १९५९ मध्ये रॉबर्ट स्टीलने विल्कॉक्सनचे क्रमांक आणि डनेटचा प्रश्न यांची गाठ घातली. त्यात प्रत्येक उपचाराचे कंट्रोलबरोबर स्वतंत्र क्रमांक लागत होते. पाच वर्षांनी, १९६४ मध्ये, ऑलिव्ह जीन डन यांनी सगळ्या गटांचे क्रमांक एकत्र लावून मग हव्या त्या जोड्यांची तुलना करण्याची पद्धत मांडली. ती क्रुस्कल-वॉलिसच्या पाठोपाठ आपोआप येते, गणितही हातासरशी होते, आणि बहुधा म्हणूनच ती स्टीलला मागे टाकून पुढे गेली.

क्रुस्कल-वॉलिसला दोष देण्याचे कारण नाही. तिला जे विचारले जाते त्याचे उत्तर ती नेमके देते. हे सगळे गट एकाच वितरणातून आले आहेत की कुठेतरी काहीतरी वेगळे आहे, एवढाच तिचा प्रश्न. याच प्रश्नाला १९६१ मध्ये व्ही. पी. भापकर यांनी आणखी एक कसोटी दिली. प्रत्येक गटातून एकेक आकडा उचलून जेवढी टोळकी करता येतील तेवढी करायची आणि किती टोळक्यांत कोणत्या गटाचा आकडा सर्वांत लहान ठरतो ते मोजायचे, असे तिचे सूत्र आहे. सगळे गट एकाच वेळी समोर घेतल्याशिवाय ते मांडताच येत नाही, आणि सगळ्यांबद्दलच विचारायचे असेल तर त्यात काही गैरही नाही. गैर सुरू होते ते या सामुदायिक प्रश्नाला कंट्रोलच्या दारावरचा पहारेकरी नेमल्यावर. समजा, दोन उपचारांपैकी एक कंट्रोलच्या थोडा वर आणि दुसरा थोडा खाली पडला. या दोघांत मोठी दरी दिसेल, क्रुस्कल-वॉलिस फरक जाहीर करील, आणि कंट्रोलपासून मात्र दोघेही फारसे दूर नसतील. उलट, सहा उपचारांपैकी एकाच उपचाराचा बऱ्यापैकी परिणाम असेल, तर बाकी पाचांच्या सारखेपणात तो विरघळून जाईल आणि पहारेकरी दार उघडणारच नाही. डनेटच्या आणि स्टीलच्या दोन्ही कसोट्यांत हा पहारेकरी नाही. चूक किती टक्के वेळा होऊ द्यायची याचा हिशेब त्यांच्या आतच केलेला आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. त्यासाठी आकडे जवळून पाहावे लागतील. कंट्रोलच्या पाच कपांत ३०, ३१, ३२, ३३ आणि ३४ पिल्ले निघाली असे धरू. ‘अ’ तीव्रतेच्या पाच कपांत २० पासून २४ पर्यंत. दोन गटांत कुठेही सरमिसळ नाही. ‘अ’ची सर्वांत सुपीक मादीही कंट्रोलच्या सर्वांत नापीक मादीच्या मागे आहे. या दहाजणींना क्रमांक दिले तर ‘अ’चा सरासरी क्रमांक ३ आणि कंट्रोलचा ८. दहा क्रमांकांची पाच-पाच अशी वाटणी २५२ प्रकारांनी होते आणि त्यातली ही एक, या दिशेने सर्वांत टोकाची. सांडपाण्याचा काहीच परिणाम नसता तर असे घडण्याची शक्यता २५२ त एक, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आता तिसरा गट आणू, ‘ब’. तो फारच दूषित आहे आणि त्याच्या कपांत १० ते १४ पिल्ले झाली. पंधराजणींना एकत्र क्रमांक दिले तर ‘ब’ तळाला जातो, ‘अ’चा सरासरी क्रमांक ८ होतो, कंट्रोलचा १३. अंतर पहिल्यासारखेच पाच. पण क्रमांक आता एक ते पंधरापर्यंत पसरलेले असल्याने तेवढ्याच अंतराची किंमत घटते. डनच्या पद्धतीत या अंतराला त्याच्या प्रमाण विचलनाने भागतात. दोनच गट असताना हा भागाकार २.६१ आला असता, आता तो १.७७ वर येतो. दोन तुलनांसाठी ५ टक्क्यांची वेस सुमारे २.२४ वर असते, म्हणजे ‘अ’ निर्दोष सुटला. हाच ‘ब’ जर सौम्य असता आणि त्याच्या कपांत २५ ते २९ पिल्ले निघाली असती, तर तो ‘अ’ आणि कंट्रोल यांच्या मधे शिरला असता. ‘अ’चा सरासरी क्रमांक ३, कंट्रोलचा १३, अंतर दहा, भागाकार ३.५४, आणि ‘अ’ दोषी. दोन्ही वेळा ‘अ’चे आणि कंट्रोलचे दहा आकडे जसेच्या तसे आहेत. ‘अ’च्या खाली एकाऐवजी तीन वाईट गट असते तर भागाकार १.०७ पर्यंत घसरला असता. शेजारी जितके जास्त विषारी, तितका ‘अ’ निष्पाप.

शाळेतल्या नंबरांसारखेच हे आहे. दोन मुलांच्या गुणांतले अंतर तेवढेच राहते, पण त्यांच्या नंबरांतले अंतर मधे किती मुले आली त्यावर ठरते. गुणपत्रिकेत हे खपून जाते, कारण नंबर म्हणजे वर्गातले स्थान हे सगळेच जाणतात. पण ‘या तीव्रतेच्या पाण्याने प्रजनन घटते का’ या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेने आणखी कोणत्या बरण्या फळीवर मांडल्या होत्या त्यावर ठरत असेल, तर ते उत्तर पाण्याबद्दलचे राहत नाही. यात मोहाचीही सोय आहे. कोणता गट विश्लेषणात ठेवायचा आणि कोणता ‘तांत्रिक कारणाने’ वगळायचा हे निकाल पाहिल्यावर ठरवणाऱ्याच्या हाती आयती कळ येते, आणि ती दाबताना एकही आकडा खोटा लिहावा लागत नाही. शिवाय एकत्र क्रमांकांचे वचनही कच्चे आहे. एकच गट फार वेगळा आणि बाकी सारे सारखे असतील, तर या सारख्यांत खोटा फरक दाखवण्याचे प्रमाण ठरवून दिलेल्या ५ टक्क्यांच्या वर जाऊ शकते. औडे फोसहार यांनी १९८० मध्ये हा मुद्दा उलगडून मांडला. स्वतंत्र क्रमांकांत हा धोका नाही, कारण ‘अ’ आणि कंट्रोल खरोखर सारखे असतील तर त्यांच्या आपसातल्या क्रमांकांना ‘ब’ची खबरबातही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की तिसऱ्याची माहिती वापरणे हा गुन्हाच असेल तर डनेटही गुन्हेगार. त्याच्या कसोटीत सगळ्या गटांतले प्रचरण एकत्र करूनच मोजपट्टी बनवतात. आक्षेप वजनदार आहे, पण दोन गोष्टींची गल्लत करतो. डनेटच्या कसोटीत मोजपट्टी सगळ्यांनी मिळून बनवलेली असते, मोजायचे अंतर मात्र ‘अ’ आणि कंट्रोल यांच्या सरासऱ्यांतले, आणि ‘ब’ कुठेही गेला तरी ते हलत नाही. ‘ब’चा गट वर सरको की खाली, त्याच्या आतले विखुरण तेवढेच राहिले तर निकालही तोच राहतो. मोजपट्टी सामायिक करण्यामागे सगळ्या गटांत विखुरण सारखेच आहे हे गृहीत आहे. ते उघड सांगितलेले आहे आणि तपासताही येते. एकत्र क्रमांकांत मोजपट्टी आणि अंतर दोन्ही ‘ब’च्या जागेवर टांगलेले असतात. ‘ब’ची जागा म्हणजेच त्याच्या उपचाराचा परिणाम. एका उपचाराचा परिणाम दुसऱ्या उपचाराच्या निकालात मिसळणे याला कोणतेही गृहीतक पाठीशी घालू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गमतीचा आहे. दोघादोघांचे क्रमांक लावले की चक्र तयार होण्याची भीती असते. ब्रॅडली एफ्रनच्या नावाने ओळखले जाणारे चार फासे आहेत. त्यांत पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा चौथ्यावर आणि चौथा पुन्हा पहिल्यावर मात करतो, आणि प्रत्येक वेळी जिंकण्याची शक्यता तीनात दोन. गटांच्या आकड्यांतही असे घडू शकते: ‘अ’ ‘ब’पेक्षा सरस, ‘ब’ ‘क’पेक्षा सरस आणि ‘क’ ‘अ’पेक्षा सरस. एकत्र क्रमांकांत हा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक गटाला एकच सरासरी क्रमांक मिळतो आणि सरासऱ्या सरळ रेषेत बसतात. सगळ्या गटांची एकमेकांशी तुलना करायची असेल तर हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे स्वतंत्र क्रमांक खरोखर अडचणीत आणतात. पण चक्र पूर्ण व्हायला तुलनांची साखळी फिरून मूळ जागी यावी लागते. कंट्रोलशी तुलना करताना सगळ्या रेषा कंट्रोलपासून निघतात आणि एकेका उपचारापाशी संपतात. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात रेषाच नाही, मग वळसा पडणार कसा? इथे मिळणारी विधाने ‘अ कंट्रोलपेक्षा कमी’, ‘ब कंट्रोलसारखाच’ अशा जातीची असतात आणि ती कितीही जमवली तरी एकमेकांना छेद देत नाहीत. म्हणजे एकत्र क्रमांकांचा जो खरा फायदा आहे, तो नेमका या प्रश्नात निरुपयोगी ठरतो.

तिसरा आक्षेप व्यवहारातला आहे आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. नमुने थोडे असले की स्वतंत्र क्रमांकांना दातच उरत नाहीत. तीन विरुद्ध तीन असतील तर वाटण्या फक्त वीस. संपूर्ण फारकत झाली तरी एका दिशेची शक्यता ५ टक्के. म्हणजे एकाच उपचाराच्या तुलनेत कसोटी वेशीवर अडखळते आणि दोन उपचार असले तर तिला काही सापडणे गणितानेच अशक्य होते. चार विरुद्ध चारला वाटण्या ७०. पाच उपचार असतील आणि एकाचाही परिणाम नसेल, तर त्यातला निदान एक निव्वळ योगायोगाने कंट्रोलच्या संपूर्ण खाली पडण्याची शक्यता सरळ बेरजेने ७.१ टक्के येते. पाचही तुलनांत कंट्रोल तोच असल्यामुळे त्या एकमेकींना थोड्या बांधलेल्या असतात. ते धरून अचूक हिशेब केला तर ती ५.६ टक्क्यांवर येते. तरीही ५ च्या वरच. ईपीएच्या पुस्तिकेत स्टीलच्या कसोटीसाठी किमान चार पुनरावृत्तींची अट आहे. ती अट किमान आहे. तिला पुरेशी म्हणणे या आकड्यांकडे पाहून कठीण जाते. दहा-दहा कप असले की हा प्रश्न उरत नाही.

मग थोड्या नमुन्यांसाठी एकत्र क्रमांकांकडे जावे का? तिथे वाटण्या पुष्कळ, त्यामुळे लहान लहान शक्यता हाती येतात हे खरे. पण ते बळ उसने आहे, आणि कोणाकडून उसने घेतले ते वरच्या उदाहरणात दिसलेच: ‘ब’ सौम्य असेल तर बळ मिळते, ‘ब’ जहाल असेल तर असलेलेही जाते. उपाय विश्लेषणात शोधण्यापेक्षा मांडणीत शोधावा. इथे डनेटचीच एक जुनी सूचना कामी येते. कंट्रोल प्रत्येक तुलनेत येतो, उपचार एकाच तुलनेत. म्हणून कंट्रोलचा गट मोठा हवा, आणि तो उपचारांच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पटीने. उपचार चार असतील तर कंट्रोल दुप्पट. तीस प्राणी हाती आहेत असे धरू. पाचही गटांना सहा-सहा वाटले तर सहा विरुद्ध सहाच्या ९२४ वाटण्या होतात. त्याऐवजी चार उपचारांना पाच-पाच आणि कंट्रोलला दहा दिले तर पाच विरुद्ध दहाच्या ३००३. प्राणी तेवढेच, खर्च तेवढाच, आणि कसोटीची धार तिपटीहून बारीक. सरासऱ्यांच्या भाषेत बोलायचे तर फरकाचे प्रचरणही दहा टक्क्यांनी घटते. डनेटची कसोटी जगभर वापरली जाते, पण तिच्यासोबत आलेला हा साधा सल्ला पाळलेला क्वचितच दिसतो. सगळ्या गटांना सारखे वाटायची सवय इतकी खोलवर मुरली आहे.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र मला थोडे मागे सरावे लागते. सांडपाण्याच्या तीव्रता म्हणजे चार वेगवेगळी औषधे नव्हेत. त्या एकाच गोष्टीच्या चढत्या पायऱ्या आहेत. साडेबारा टक्क्यांना प्रजनन घटले असेल तर पंचवीस टक्क्यांना ते निदान तेवढे तरी घटलेले असावे, ही अपेक्षा रास्त आहे, आणि स्टीलची कसोटी ती वापरतच नाही. टर्प्स्ट्रा आणि योंकेअर यांनी पन्नाशीच्या दशकात सुचवलेली चढ-उताराची कसोटी ती वापरते. १९७७ मध्ये शर्ली यांनी मांडलेली पद्धतही वापरते, आणि ती तर वाढत्या मात्रांची कंट्रोलशी तुलना करण्यासाठीच तयार केलेली आहे. अशा ठिकाणी शेजारच्या गटाचे बोलणे ऐकणे गैर नाही. ‘ब’ला बोलावणारे एक उघड विधान तिथे आहे: मात्रा वाढली की परिणाम कमी होणार नाही. ते विधान खरे असेपर्यंत या कसोट्या स्टीलपेक्षा नक्कीच चतुर. अडचण येते ती काही पदार्थ अल्प मात्रेत प्रजननाला उलट चालना देतात आणि जास्त मात्रेत मारक ठरतात तेव्हा. सांडपाण्यात तर पोषक द्रव्येही असतात, त्यामुळे सौम्य तीव्रतेत कंट्रोलपेक्षा जास्त पिल्ले निघणे अजिबात नवलाचे नाही. म्हणून माझी सवलत एवढ्यापुरतीच. पायऱ्या चढत्या असतील आणि परिणामही चढत्या क्रमाने जाईल असे मानायला आधीपासून कारण असेल, तर शर्लीची वाट धरावी. चार वाण, चार खते, चार संयुगे असा नुसता जमाव असेल, तर डनच्या एकत्र क्रमांकांना अशा कोणत्याही विधानाचा आधार नसतो. तिथे तिसरा आगंतुक म्हणूनच येतो.

क्रमांकांकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. नॉनपॅरॅमेट्रिक कसोट्या मध्यगांची तुलना करतात असे पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. ते गटांच्या वितरणांचे आकार सारखे असतील तरच खरे. एका गटात आकडे दाटीने आणि दुसऱ्यात पसरट असतील, तर विल्कॉक्सनची कसोटी भलतेच बोलू शकते. तिची खरी भाषा जोड्यांची आहे. दहा कंट्रोल आणि दहा ‘अ’ यांच्या शंभर जोड्या होतात. त्यातल्या किती जोड्यांत ‘अ’ची मादी मागे पडली? शंभरांत ८७ हे उत्तर कारखान्याच्या व्यवस्थापकालाही कळते आणि न्यायाधीशालाही. ‘सार्थक फरक आढळला’ या शिक्क्यापेक्षा ते कितीतरी जास्त सांगते. स्वतंत्र क्रमांकांचा हा आणखी एक लाभ म्हणावा लागेल. तो ८७ फक्त ‘अ’ आणि कंट्रोल यांच्या आकड्यांतून निघतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या ८७ शी ताडून पाहता येतो. एकत्र क्रमांकांतल्या सरासरीला असे एका प्रयोगातून दुसऱ्यात नेता येत नाही.

आता सांडपाण्याकडे परत जाणे भाग आहे, कारण कसोटीच्या निवडीतून कोणाचे भले होते हे तिथे उघडे पडते. औषधाच्या चाचणीत कसोटी दुबळी असली तर नुकसान कंपनीचे. तिचे चांगले औषध सिद्ध होत नाही. विषारीपणाच्या चाचणीत हिशेब उलटतो. परिणाम दिसला नाही अशी सर्वांत वरची तीव्रता ‘बिनधोक’ म्हणून नोंदवली जाते, मग तो परिणाम खरोखर नसल्यामुळे दिसला नसो की कप कमी ठेवल्यामुळे. निष्काळजी, ढिसाळ चाचणी करणाराच फायद्यात. या पद्धतीवर पर्यावरणशास्त्रातले संख्यातज्ज्ञ वर्षानुवर्षे टीका करत आले आहेत ती यासाठीच. आणि एकत्र क्रमांकांच्या रीतीत जहाल शेजाऱ्यांमुळे ‘अ’चा भागाकार २.६१ वरून १.०७ पर्यंत कसा घसरला ते आठवले, तर कोणाची सोय होते हे वेगळे सांगायला नको. सांडपाण्याच्या वरच्या तीव्रता जहाल असतातच, आणि परवान्याचा प्रश्न बहुधा खालच्या एखाद्या तीव्रतेपाशी अडकलेला असतो.

ईपीएने २०१० मध्ये यावर एक वेगळा तोडगा पुढे केला. त्यात गृहीतकच उलटे केले आहे. पाणी विषारी आहे असेच आधी मानायचे, आणि कंट्रोलच्या निदान ७५ टक्के प्रजनन होते हे आकड्यांनी दाखवण्याचा भार पाणी सोडणाऱ्यावर टाकायचा. ७५ टक्क्यांची ही रेषा दीर्घ मुदतीच्या चाचण्यांसाठी आहे, थोड्या मुदतीच्या चाचण्यांत ती ८० वर आहे. कप कमी ठेवले तर आता तोटा त्याचाच होतो. या पद्धतीत क्रमांक नाहीत, सरासऱ्यांची तुलना करणारी वेल्चची टी-कसोटी आहे, आणि प्रसामान्यतेचे जुने प्रश्न तिथे पुन्हा उभे राहतात हे खरे. पण सांडपाणी नदीत मिसळल्यावर प्रत्यक्षात जी तीव्रता होते, तिची आणि कंट्रोलची अशी दोनच गटांची तुलना त्यात होते. बाकीच्या तीव्रता फळीवर असल्या तरी या निवाड्यात त्यांना बोलता येत नाही.